हर्णैला कॅराव्हॅन न्यावी की खोली घ्यावी?

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: आम्ही सहा जण. मी, नवरा, अकरा आणि पाच वर्षांची दोन मुलं, सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. डिसेंबरात चार दिवस, तीन रात्री दापोलीजवळच्या हर्णैला जायचं आहे. नवऱ्याच्या मनात कॅराव्हॅन, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भरली आहे, सासरे म्हणतात साधा लॉज बघा. पैसे दोन्हीकडे सारखेच पडतील असं वाटतं. मग गाडी किनाऱ्यालाच लावून राहिलो तर काय वाईट?

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. चारही दिवस हर्णैच्या आसपासच राहणार असाल तर कॅराव्हॅन घेऊ नका. चांगल्या घरगुती निवासात तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्या. गाडी घ्यायचीच असेल तर फिरण्यासाठी घ्या: दोन रात्री हर्णैच्या बाजूला, एक रात्र दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला. तेव्हाही आई-बाबांसाठी रोज एक खोली घ्याच आणि गाडी त्याच अंगणात लावा. किनाऱ्यावर गाडी लावून राहायचा विचार मात्र आजच डोक्यातून काढून टाका.

मी नौपाड्यात राहते. सोळा वर्षं ठाण्याहून कोकणात कौटुंबिक सहली नेते आहे, गेली काही वर्षं कॅराव्हॅनही. मला ही गाडी मनापासून आवडते. म्हणूनच ती चुकीच्या सहलीला गेलेली बघवत नाही.

पैशाचं आधी बघू. भाड्याच्या गाडीचा हिशेब किलोमीटरवर असतो आणि त्यात ‘दिवसाला किमान इतके किलोमीटर’ अशी अट असते. सहसा ती अडीचशे-तीनशेची असते. तीनशे धरले तर चार दिवसांचे झाले १,२००. कोपरखैरण्याहून हर्णै खेडमार्गे साधारण अडीचशे किलोमीटर पडतं. जाऊन-येऊन पाचशे, तिथली भटकंती धरून सहाशे. म्हणजे न धावलेल्या सहाशे किलोमीटरचे पैसे तुम्ही भरणार. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, कुठे कुठे जनरेटरचे तासावर पैसे. त्यामुळे ‘चार दिवसांचे सगळे मिळून किती, आणि त्यात किती किलोमीटर’ हे लेखी घ्या. मालक मुक्कामी सहलीसाठी वेगळा दर लावायला तयार असेल तर गोष्ट निराळी. बरेचदा विचारलं की तयार होतात, लोक विचारतच नाहीत.

दुसरी गोष्ट माणसांची. ‘सहा जणांची गाडी’ म्हणजे बसायला सहा. झोपायला बहुतेक वेळा चार. बसायच्या जागा किती, सीटचे पट्टे किती, झोपायच्या जागा किती, हे तीन वेगळे प्रश्न विचारा. गाडी चालू असताना मुलांना बर्थवर लोळू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. जोराचा ब्रेक लागला की मूल तिथून थेट पुढे फेकलं जातं. आणि ड्रायव्हरदादा कुठे झोपणार? हा प्रश्न मला अजून एकाही कुटुंबानं आपणहून विचारलेला नाही. जो माणूस उद्या तुमची आई आणि तुमची मुलं घाटातून नेणार आहे, त्याला रात्री सरळ पाठ टेकायला जागा आणि पोटभर जेवण हवं. मी जिथे गाडी लावते तिथे त्यांच्यासाठी पडवीतली एक खाट आधीच सांगून ठेवते.

आता किनाऱ्याची गोष्ट. माझ्यावर बेतलेलीच सांगते.

माझं कॅराव्हॅनचं पहिलंच वर्ष होतं. कोजागिरीची रात्र, ठाण्याची दोन कुटुंबं, दापोली तालुक्यातला एक किनारा. आम्ही संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो तेव्हा समुद्र लांब आत गेलेला, वाळू फरशीसारखी कडक. मी स्वतः टाच आपटून पाहिली. गाडी माडांच्या रांगेपासून थोडी खाली, सपाट जागा बघून लावली. चूल मांडली, दूध आटवायला ठेवलं. नऊच्या सुमाराला एक वयस्क कोळीदादा बॅटरी घेऊन खाली आले आणि एवढंच म्हणाले, ‘‘बाई, आज पुनव आहे. गाडी हलवा.’’ आम्ही पातेलं उतरवून गाडी सुरू करेपर्यंत मागची चाकं वाळूत बसली होती. दिवसा कडक वाटणारी तीच वाळू खालून पाणी चढायला लागल्यावर दह्यासारखी झाली. चाक फिरवावं तितकं खोल जात होतं. दादांनी गावातून ट्रॅक्टर आणवला, दोर बांधला, बाया-माणसं मागून रेटायला लागली. साडेदहाला गाडी वर आली तेव्हा तिच्या जागेवर गुडघाभर लाटा होत्या. त्या गावानं एक रुपया घेतला नाही. पुढच्या वर्षी मी त्यांच्या देवळात नारळ ठेवून आले.

त्या रात्री दादांनी जे शिकवलं ते कोकणातल्या पोराटोरांनाही पाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. ही वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण घरच्या कॅलेंडरवर तिथी बघून निघायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आणि पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात चोरपावलांनी येतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला धावत. म्हणूनच माणूस फसतो. संध्याकाळी पाचला बघितलेला समुद्र त्याला सातलाही तेवढाच लांब दिसतो.

शिवाय किनाऱ्यावर वाहन उतरवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. कोकणातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. थंडीत माद्या येऊ लागतात, पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. वेळासला आणि आंजर्ल्याला गावकऱ्यांनी ही घरटी जपली आहेत. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रावरचा उजेड त्याला पाण्याकडे नेतो आणि तुमच्या गाडीला लावलेली एलईडीची माळ त्याला उलट्या दिशेला, माडांच्या मुळांत. तेव्हा गाडी किनाऱ्याजवळच्या वाडीत असली तरी रात्री समुद्राकडचे दिवे बंद ठेवा.

मग गाडी लावायची कुठे? राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे. पण तुमच्या सहलीत तुम्हाला खरी उपयोगी पडणार आहे ती एखाद्या घरगुती निवासाची वाडी. बंदराला चिकटून राहू नका. हर्णै हे राबतं बंदर आहे. पहाटे बर्फाच्या गाड्या, बोटींची इंजिनं, माणसांचा कालवा आणि मासळीचा वास, हे त्याचं रोजचं जगणं आहे. संध्याकाळी बघायला जावं, झोपायला पाच-दहा किलोमीटरवर मुरूड, कर्दे किंवा आंजर्ल्याकडे यावं. (मुरूड दोन आहेत, हे लक्षात असू द्या. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, आणि महर्षी कर्व्यांचं मुरूड दापोली तालुक्यात. नकाशात चुकीचं नाव टाकून रेवदंड्याच्या पुलापर्यंत पोहोचलेली कुटुंबं मी फोनवरून परत वळवली आहेत.)

वाडी ठरवण्याआधी मालकांना फोन करून रस्त्याची रुंदी विचाराच. कोकणातल्या पाखाड्या, म्हणजे वाड्यांमधल्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांमध्ये चेपलेल्या असतात. छतावर एसी बसवलेली गाडी जवळजवळ तीन मीटर उंच होते; आंब्याची फांदी आणि घराला गेलेली विजेची तार, दोन्ही तिच्या वाटेत येतात. ‘गाडी येते का?’ असं विचारलंत तर ‘हो, येते की’ असंच उत्तर मिळेल, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मोटार असते. ‘विटांचा ट्रक अंगणापर्यंत येतो का?’ असं विचारा. मग खरं उत्तर मिळतं.

वीज हा पुढचा मुद्दा. सोळा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. गाडीतल्या बॅटरीवर एसी रात्रभर चालेल या भरवशावर राहू नका. १५० अँपिअर-अवरच्या दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या धरा. त्यात साठते ३.६ युनिट वीज. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. उरली १.८. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोन तासही निघत नाहीत. डिसेंबरात मात्र एसी लागतच नाही. जाळीच्या खिडक्या उघड्या आणि छोटा पंखा, पहाटे उलट गोधडी घ्यावी लागते. घरातून वायर ओढायची झाली तर गुंडाळीतली पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर भार पडला की तापते, मी एकदा तिचं प्लॅस्टिक वितळून एकमेकांना चिकटलेलं पाहिलं आहे. जनरेटर झोपायच्या खिडकीखाली कधीच नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा सिलिंडर ज्या कप्प्यात आहे त्याला तळाशी हवा जायला भोक आहे का, तेही वाकून बघा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

पाण्याचं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आपण शहरातली माणसं चुकतो आणि भोगतं गाव. टाकी शंभर लिटरची असेल तर सहा जणांच्या एकेका बादलीत ती संपली. म्हणून अंघोळी खोलीच्या न्हाणीत करा. भांड्यांचं, तोंड धुतल्याचं पाणी गाडीखालच्या टाकीत जमतं. रात्री कुणी बघत नाही म्हणून त्याचा कॉक वाडीत उघडायचा नाही. कोकणातली जमीन जांभ्या दगडाची. त्याला बारीक बारीक पोकळ्या असतात, पाणी झिरपायला वेळ लागत नाही. तुम्ही सोडलेलं साबणाचं पाणी वीस पावलांवरच्या विहिरीत उतरतं, आणि त्याच विहिरीचं पाणी त्या घरातली आजी सकाळी देवाला घालते. मालकांना विचारून शोषखड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यापासून लांब, सांगतील तिथेच सोडा. संडासाची पेटी पंधरा-वीस लिटरची असते, सहा जणांनी वापरली तर दुसऱ्या दिवशी भरते. ती फक्त घराच्या संडासात, सेप्टिक टाकी असेल तरच रिकामी करायची. त्यातही जंतू मारणारं कडक रसायन घातलं असेल तर मालकांची टाकी काम करायची थांबते. म्हणून माझ्या गाडीतली पेटी मी रात्रीच्या अडीअडचणीपुरतीच ठेवते.

यावरून सासूबाईंकडे येते. गाडी बुक करण्याआधी एका रविवारी त्यांना गाडी जिथे उभी असते तिथे घेऊन जा. पहिली पायरी जमिनीपासून सहसा दीड फुटावर असते. दुखऱ्या गुडघ्याला दीड फूट म्हणजे डोंगर. तीनदा चढा-उतरायला सांगा, एकदा नव्हे. मग संडासात जाऊन दार लावून बसायला सांगा. त्या दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही फोटोत कळत नाही. माझ्याकडे एक जाड सागवानी पाट आहे, चारी पायांना रबर ठोकलेलं. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरदादा आधी उतरून तो पायरीखाली ठेवतात. एवढ्या एका पाटामुळे सत्तरीतल्या बायका दिवसातून दहा वेळा विनासंकोच उतरल्या आहेत. नाहीतर म्हातारी माणसं ‘मला नाही उतरायचं, तुम्ही बघून या’ म्हणतात आणि आपण समजतो, त्यांना हौस नाही.

खोल्या घेताना तोच विचार. ‘लॉज’ शब्दावर जाऊ नका. तिकडे ‘घरगुती राहण्या-जेवण्याची सोय’ अशी पाटी असलेली घरं तुमच्यासाठी उत्तम. सरकारी पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदवलेली घरंही मिळतात. फोनवर विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, जोत्याला पायऱ्या किती आणि कठडा आहे का, कमोड आहे का, संडास खोलीला लागून आहे की मागच्या पडवीतून जावं लागतं. गरम पाणी गिझरचं की बंबाचं, हेही. बंबाचं असेल तर उत्तमच, फक्त वेळ ठरवून घ्यावी लागते. सकाळी घावन किंवा आंबोळ्या मिळतील का, हे आदल्या रात्री सांगायचं असतं. पीठ भिजवावं लागतं.

रस्ता थोडक्यात. घरातून पहाटे साडेचारला निघा, म्हणजे कळंबोली-पळस्पे ट्रेलरच्या गर्दीआधी सुटतं. पेण, वडखळ, कोलाड करत इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठा सकाळी लवकर ओलांडल्या की अर्धी लढाई जिंकली. लोणेऱ्याहून आंबेत-मंडणगडमार्गे अंतर वाचतं, पण मोठ्या गाडीला मी महाड, पोलादपूर आणि पुढे कशेडीच्या बोगद्यातून खेडला नेते. भरणे नाक्याला वळून दापोली. खेड-दापोली रस्ता वळणांचा आहे. आडव्या सीटवर बसलेल्या मुलांना इथे हमखास उलटी होते, त्यांना पुढे तोंड असलेल्या सीटवर घ्या. गणपतीत, शिमग्याला आणि नाताळाच्या आठवड्यात या सगळ्या वेळांत दोन-तीन तास वाढवा.

गुहागरला जायचं ठरलं तर दाभोळ-धोपावे जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट, मुलांना सगळ्यात जास्त आवडेल. पण कॅराव्हॅनची शेपटी मागच्या चाकांच्या बरीच मागे असते. पूर्ण ओहोटीला जेट्टीचा उतार खडा होतो आणि बंपर घासतो. पाणी अर्ध्याहून जास्त चढलेलं असताना जा. पाऊणपटीचा हिशेब इथेही कामाला येतो.

हर्णैत काय बघावं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी आई-बाबांना झेपेल तेवढंच सांगते. सुवर्णदुर्ग २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमधला एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. तिथे बोटीनं जावं लागतं, चढता-उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात, आत सावली कमी. मुलं आणि त्यांचे बाबा जाऊ देत. तेवढ्या वेळात तुम्ही सासूबाईंना घेऊन आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जा, गाडीरस्ता वरपर्यंत जातो. फक्त पाज पंढरीतून कॅराव्हॅन नेऊ नका. रस्ता घरांच्या ओट्यांमधून जातो, दोन्ही बाजूंना बोंबील आणि जवळा वाळत असतो. तिथून रिक्षानं जावं. आसूदच्या केशवराजाला खूप पायऱ्या आहेत, यावेळी राहू द्या.

लिलाव संध्याकाळी बघा. बोटी बंदरात लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, माणसं गोल करून उभी राहतात आणि बोली इतकी झरझर चालते की पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. लिलावातला वाटा मोठा असतो, तो घरच्या माणसासाठी नव्हे. बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या. (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा बाजार बघायला मिळणार नाही. तुम्ही डिसेंबरात जाताय, चिंता नाही.) सासूबाईंना पुढे करा. कल्ले उघडून बघायचं त्यांना सांगावं लागणार नाही.

घेतलेली मासळी कॅराव्हॅनमध्ये तळू नका. तो वास गादीच्या फोममध्ये आठवडाभर राहतो आणि परतीच्या वाटेवर मुलांना मळमळतं. दुपारीच घरमालकिणीला सांगून ठेवा की रात्रीची मासळी आम्ही आणतो, तुम्ही करून द्या, करणावळ काय होईल ती सांगा. सौंदाळे मिळाले तर ते आणा. मसाला त्यांचा, चूल त्यांची. सासूबाईंना ओटीवर बसायला खुर्ची मागून घ्या, आत काय चाललंय ते त्यांना तिथून दिसलं पाहिजे.